पाचवा चॅनल

माझ्या नवऱ्याला, व्हर्जिलला, रेडिओ ऐकायचा नाद आहे असं लोक म्हणतात. ते खोटं आहे. तो ऐकत नाही, तो शोधतो. पोलीस, आगीचे बंब, ॲम्ब्युलन्स, बर्फ काढणारे ट्रक, शाळेच्या बस, सगळ्यांचे आवाज आमच्या स्वयंपाकघरात दिवसभर येत असतात. त्याला विचारा, आत्ता तो माणूस काय म्हणाला, तर तो सांगणार, "तीन नंबरवर होता." काय म्हणाला ते मला विचारायचं. मला ऐकायचं नसलं तरी मी ऐकते, कारण आमचा केंडल अग्निशमन दलात आहे.

केंडल चार नंबरच्या बंबावर आहे. एक अख्खा दिवस-रात्र ड्युटी, मग दोन दिवस घरी. त्याच्या ड्युटीच्या दिवशी माझे हात काम करतात, पण कान तिकडे असतात. बंब बाहेर पडला की मी उभीच राहते आणि "बंब चार, स्टेशनात परत" हे ऐकू आलं की मी खुर्चीत बसते. बॉनीचं, म्हणजे सुनेचं, याच्या अगदी उलट. तिनं घरात रेडिओ येऊच दिला नाही. "वाईट असेल तर फोन येईलच की," ती म्हणते. "आधीपासून रोज थोडं थोडं कशाला मरायचं?" तिचं बरोबर असेल. मला मात्र जमत नाही. मी या आवाजांना कंटाळले आहे, विटले आहे, आणि तरीही बंद करायचं म्हटलं तर हात पुढे होत नाही.

पूर्वी हे सोपं होतं. बंबवाल्यांची एक फ्रिक्वेन्सी, पोलिसांची एक. लावली की झालं. गेल्या ऑक्टोबरात काउंटीनं, म्हणजे आमच्या जिल्ह्यानं, नवीन यंत्रणा आणली आणि माझ्या जिवाला घोर लागला. आता सगळ्यांना मिळून पाच चॅनल. जो बटन दाबेल त्याला कॉम्प्युटर रिकामा असेल तो चॅनल देतो, आणि पुढच्या वाक्याला दुसराच. सुपरमार्केटात सगळ्यांची रांग एकच असते आणि वर पाटीवर आकडा येतो, तुम्ही तीन नंबरच्या काउंटरवर जा, तसं. हे आकडे सांगायला आणखी एक वेगळा चॅनल असतो. तो चिडलेल्या गांधीलमाशीसारखा नुसता घूं घूं करत राहतो. माणसाला त्यातलं काही कळत नाही, व्हर्जिलच्या रेडिओला कळतं. पण तोही आकडाच सांगतो. तीन नंबर म्हणजे नक्की कुठली फ्रिक्वेन्सी, हे रेडिओला आधी शिकवून ठेवावं लागतं. काउंटी ते कुणाला सांगत नाही, आणि ते हुडकून काढणं हाच व्हर्जिल आणि त्याच्यासारख्या म्हाताऱ्यांचा धंदा.

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आत त्यानं चार चॅनल हुडकले. पाचवा काही सापडेना.

म्हणजे केंडलच्या लोकांचं बोलणं पाचव्यावर गेलं की आमचा रेडिओ मुका. "बंब चार, मागच्या दारातून धूर येतोय, आम्ही आत..." आणि गप्प. मग कुणीतरी भलताच म्हणायचा, "ठीक आहे." काय ठीक आहे? कोण ठीक आहे? माझं डोकं उठायचं.

"सापडला का?" मी रोज विचारायची.

"शोधतोय."

"पाचातला एक शोधायला अख्खा हिवाळा? एवढ्या वेळात लोकांनी टॉवर बांधला असता."

"अगं, तो टेकडीच्या मागच्या टॉवरवर आहे. दोन-तीन फ्रिक्वेन्सींवर संशय आहे, सगळ्या अर्धवट येतात. पक्कं झाल्याशिवाय घालता येत नाही."

हे पक्कं होण्याचं प्रकरण मला तोंडपाठ आहे. दोन रेडिओ शेजारी ठेवायचे. एकावर ओळखीचे चॅनल, दुसऱ्यावर संशयित. गांधीलमाशी म्हणाली "पाच", की दुसऱ्यावर काय येतंय ते ऐकायचं. प्रश्न तीन नंबरवर विचारला, उत्तर संशयितावर आलं, आवाज तोच, विषय तोच, असं चार-पाच वेळा जुळलं की तो पक्का. तोवर कच्चा. आणि कच्चा आकडा रेडिओत घालायचा नाही, हा त्या मंडळींचा कायदा. कारण आकडा चुकला तरी रेडिओ तक्रार करत नाही. तो भलत्याच काउंटरवर जाऊन भलत्याचंच बोलणं आणून देतो, आणि पडद्यावर नाव मात्र आपल्याच माणसाचं दाखवतो.

हर्शेल टूमीनं एकदा असा कच्चा आकडा इंटरनेटवर टाकला होता. अर्धी काउंटी कित्येक दिवस शेरीफच्या, म्हणजे पोलिसांच्या, नावाखाली गोल्फच्या मैदानावर गवत कापणाऱ्यांच्या गप्पा ऐकत होती. हर्शेल यांच्याच मंडळीतला. शुक्रवारी सकाळी डायनरमध्ये हे सगळे पॅनकेक खायला जमतात, तेव्हा व्हर्जिल त्याला अजून विचारतो, "काय हर्शेल, आज शेरीफ कुठल्या खड्ड्यापाशी आहे?" हर्शेल गरीब आहे, हसतो.

फेब्रुवारीत एका सकाळी व्हर्जिल कॉफी ओतता ओतता सहज बोलल्यासारखं म्हणाला, "पाचवा घातला."

मी त्याला एका शब्दानं काही विचारलं नाही. त्याच्या ताटात बेकनचे दोन तुकडे जास्त वाढले आणि मनात म्हटलं, सुटले एकदाची.

त्यानंतरच्या मंगळवारी केंडलची ड्युटी होती. दुपारची वेळ, मी राजमा निवडत होते. चार नंबरचा बंब बाहेर पडला, गिरणीच्या रस्त्यावर एका घराच्या धुराड्यात आग म्हणून. केंडलचा आवाज आला, "पोचलो, आत बघायला जातोय." तीन नंबरवर होता, व्हर्जिलनं सांगितलं. मी राजमा खाली ठेवला. मग रेडिओ परत बोलला, पडद्यावर केंडलच्याच गटाचं नाव, आवाज मात्र फाटलेला. मला तो ओळखीचा वाटला नाही, पण घाबरलेल्या माणसाचा आवाज कुणालाच ओळखू येत नाही.

"मेडे, मेडे. मागच्या खोलीतली जमीन खचली. आमचा एक जण खाली गेलाय. आम्ही हाका मारतोय, तो बोलत नाही."

मेडे म्हणजे आपला माणूस मरणाच्या दारात, हा शब्द ते लोक कधी उगाच वापरत नाहीत.

व्हर्जिलचा चेहरा उजळला. "पाचवर," तो म्हणाला. "किती स्वच्छ आला बघ."

मी त्याच्याकडे बघत राहिले. "तो काय म्हणाला ऐकलंस का तू?"

"काय म्हणाला?"

मी सांगितलं. सांगताना माझा आवाज मलाच दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला. व्हर्जिल खाली बसला. आम्ही दोघं त्या डबड्याकडे बघत राहिलो आणि ते गप्प राहिलं. कुत्रं पकडणाऱ्या गाडीचं बोलणं आलं, शाळेच्या बसचं आलं. पाय उचलावा, फोन करावा, काहीच सुचत नव्हतं. बऱ्याच वेळानं केंडलच्या गटाचं नाव पुन्हा दिसलं आणि कॅप्टनचा आवाज आला, "बंब चार, स्टेशनात परत."

हे वाक्य नेहमी केंडल म्हणतो. मी ते इतक्या वेळा ऐकलंय की त्याच्या आधीचा त्याचा श्वाससुद्धा मला पाठ आहे. आज कॅप्टन म्हणाला. मला वाटलं, संपलं. त्याला ॲम्ब्युलन्सनं नेलं आणि हे लोक त्याच्याशिवाय परत आले.

"बॉनीला फोन करू?" व्हर्जिलनं विचारलं.

"नको. स्टेशनवर चल."

ट्रक त्यानं चालवला. मी कोट घातला नव्हता हे मला उतरताना थंडी लागली तेव्हा कळलं.

स्टेशनचं मोठं दार उघडं होतं. बंब आत उभा होता आणि त्याच्या बाजूला आमचा केंडल पोछा मारत होता. बंबाच्या चाकांनी आलेला चिखल पुसत होता, लहानपणी मी स्वयंपाकघर पुसायला लावलं की जसं तोंड करायचा तसंच तोंड करून. आम्हाला बघून तो थांबला.

"काय झालं? बॉनीला काय झालं?"

मी त्याच्या छातीला हात लावून बघितला. मला रडू आलं आणि मी मोठ्यानं म्हणाले, "देवा, तुझे उपकार. आपला नव्हता तो. आपला नव्हता."

"कोण नव्हता? आई, तू काय ऐकलंस?"

"तू का नाही बोललास परत आल्यावर? कॅप्टन का बोलला?"

"मी बंब मागे घेत होतो, म्हणून तो बोलला. आई, इकडे बघ. काय ऐकलंस, शब्द न् शब्द सांग."

मी सांगितलं. धुराडं त्यांनी वीस मिनिटांत विझवलं होतं, कुणी कुठे पडलं नव्हतं. केंडलनं वडिलांकडे बघितलं. "पाचवा कुठला घातलात?" व्हर्जिलनं आकडा सांगितला. केंडलनं तो आकडा स्वतःशी पुन्हा म्हणून बघितला. मग म्हणाला, "हा नदीपलीकडच्या काउंटीचा आहे. त्यांच्या बंबवाल्यांचा." त्यानं पोछा भिंतीला टेकवला आणि आत फोनकडे गेला. जाताना पावलं मोजून टाकल्यासारखा चालत होता. तिकडच्या माणसांना तो ओळखतो, निम्म्यांबरोबर तो शिकलाय.

मी तिथेच उभी होते, हातावर अजून केंडलच्या शर्टाची ऊब होती. आपला नव्हता, असं मी भर स्टेशनात, सगळ्यांसमोर म्हणाले होते. तिथल्या दोन-तीन पोरांनी मान दुसरीकडे वळवली.

परत येताना पुलापाशी व्हर्जिलनं ट्रक कडेला घेतला.

"तो आकडा हर्शेलचा होता," तो म्हणाला.

"हर्शेलचा? तू हर्शेलचा आकडा घेतलास?"

"हो."

"ज्याला तू दर शुक्रवारी..."

"हो गं. हो." त्यानं स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. "मला पक्का करता येत नाही आता. बोललेलं बरंचसं कळतं, पण आवाज कुणाचा ते कळत नाही. सगळे सारखेच वाटतात. प्रश्न ज्यानं विचारला तोच उत्तर देतोय का, कसं ओळखायचं? तीन महिने बसलो. एकही जुळवता आला नाही."

"मग मला का नाही सांगितलंस? मला सगळ्यांचे आवाज येतात ओळखता."

"तुला कंटाळा येतो या सगळ्याचा."

त्याच्यावर ओरडावं असं मला वाटत होतं. इतकी वर्षं रागवायची संधी मी सोडली नाही, आणि आता हक्काची मिळाली तर अंगात त्राणच नव्हतं. म्हातारा माणूस, कान गेलेले, आणि ते लपवायला त्यानं हर्शेलपुढे हात पसरला होता. मी म्हटलं, "चल घरी. राजमा भिजत घालायचाय."

घरी आल्यावर तो पहिल्यांदा रेडिओपाशी गेला. चुकीचा आकडा पुसून टाकायला. मी म्हटलं, "राहू दे."

"चुकीचा आहे तो."

"माहीत आहे. तो खाली पडलेला पोरगा निघाला का, मला ऐकायचंय."

मग त्यानं दुसरा रेडिओ काढून फक्त नदीपलीकडचं लावून दिलं, त्यांच्याच नावानं, व्यवस्थित. तिथले आवाज मला परके होते. कोण कॅप्टन, कोण नवखा, काही कळेना. तरी मी ऐकत राहिले आणि व्हर्जिलला सांगत राहिले. शिडी आली. भिंत तोडतायत. दुसऱ्या काउंटीची माणसं आली. त्यानं एकदाही विचारलं नाही, कितव्या चॅनलवर. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. अंधार पडायच्या सुमाराला एक जण अगदी हळू म्हणाला, "सापडला," आणि त्यानंतर ते लोक रेडिओवर बोलायचे बंद झाले. केंडलचा फोन आला तेव्हा तो काय सांगणार ते आम्हाला ठाऊक होतं. लायल प्रुएट नाव. केंडलपेक्षा लहान. लग्न झालेलं नव्हतं, आईजवळ राहायचा.

पुढच्या दिवसांत आम्ही खरा पाचवा शोधला. मी कानाला लावून बसायची आणि सांगायची. हा डॅनी, ॲम्ब्युलन्सवाला, तीनवर यानंच पत्ता विचारला होता. ही ती खोकणारी बाई. हो, तीच. चार-पाच वेळा नव्हे, व्हर्जिलनं माझ्याकडून दहा-बारा वेळा जुळवून घेतलं. मग पक्का केला. आता केंडलचं एकही वाक्य हरवत नाही. इतके महिने ज्याच्यासाठी मी त्याचं डोकं खाल्लं ते मिळालं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

शनिवारी नदीपलीकडच्या शाळेच्या व्यायामशाळेत लायलला निरोप द्यायचा होता. केंडल गणवेश घालून सकाळीच येऊन गेला. दुःखाच्या घरी पाठवतात तसं त्याच्याबरोबर मी ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं कॅसरोल पाठवलं, माझ्या मोठ्या काचेच्या भांड्यात. भांडं परत यावं म्हणून खाली पट्टी चिकटवून नाव लिहितात, तशी मी चिकटवली होती. केंडल गाडीत ठेवायला निघाला तेव्हा मी ती काढून टाकली. कोण ही अर्लेटा, असं लायलच्या आईनं विचारलं तर पोरानं काय सांगायचं?

मी गेले नाही. काय म्हणून जाणार होते? तुमच्या मुलाचं कळलं तेव्हा मी देवाचे आभार मानले, हे सांगायला?

आम्ही घरीच ऐकलं. या लोकांची एक रीत आहे. निरोपाच्या शेवटी सगळ्यांचे रेडिओ मोठे करतात आणि काउंटीच्या ऑफिसात बसलेली मुलगी गेलेल्या माणसाला त्याच्या नंबरानं शेवटची हाक मारते. तीनदा मारते. उत्तर येत नाही. मग ती सांगते की याची ड्युटी संपली, आणि पुढे नाव, किती वर्षं नोकरी, असं लिहिलेलं वाचते.

"काउंटी, एकवीस-सात," ती म्हणाली, म्हणजे काउंटीची लायलला हाक. मी व्हर्जिलला सांगितलं. "काउंटी, एकवीस-सात." तेही सांगितलं. तिसऱ्या वेळी तिचा आवाज थोडा घसरला. "काउंटी, एकवीस-सात."

मग कट् असा आवाज आला आणि व्हर्जिल पुढे वाकला. रेडिओवरचा लहान दिवा लागला होता. "कुणीतरी बटन दाबलंय," तो म्हणाला. "काय म्हणतोय?"

"काही नाही. कुणी बोलत नाहीये."

"धरून ठेवलंय मग."

दिवा लागलेलाच होता. मला लांबून खुर्च्या सरकल्यासारखं ऐकू आलं, कुणीतरी नाक ओढलं. आणि त्या मुलीनं कागद वाचायला घ्यायचा तो घेतला नाही. ती थांबून राहिली. खूप वेळ. मग दिवा गेला आणि तिनं वाचायला सुरुवात केली.

केंडल संध्याकाळी रिकामं भांडं घेऊन आला. टाय सोडला, बूट काढले, टेबलाशी बसला. तिशी उलटलेला माझा मुलगा त्या दिवशी म्हाताऱ्यासारखा दिसत होता. मी राजमा गरम केला, मक्याचा पाव कापला. तो खाईना.

"ऐकलंत?" त्यानं विचारलं.

"ऐकलं. ते बटन कुणी दाबलं?"

"त्याच्या आईनं." तो पावाचा चुरा करत राहिला. "त्यांच्या दलाच्या चीफनं तिच्या मांडीवर त्याचं शिरस्त्राण ठेवलं आणि त्याचा हातातला रेडिओ. आठवण म्हणून. बॅटरी काढायची कुणाच्या लक्षातच आलं नाही. तिसऱ्या हाकेला तिनं तो उचलला, तोंडाशी धरला आणि दाबला. सगळ्या व्यायामशाळेत आमचे रेडिओ एकदम वाजले. कुणी हललं नाही. तिच्या हातातून तो काढून घ्यायचं धाडस कुणाला होणार?"

व्हर्जिलनं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या कानाशी जाऊन सगळं पुन्हा सांगितलं. तो ऐकून उठला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"तिला काय बोलायचं होतं रे?" मी विचारलं.

"काही नाही. नंतर चीफच तिच्याकडे माफी मागायला गेला, बॅटरीचं राहून गेलं म्हणून. मी बाजूलाच होतो." त्यानं पाणी घेतलं आणि मग सांगितलं. "ती म्हणाली, तुम्ही कशाला माफी मागता. ती पोरगी बिचारी तीन-तीनदा हाक मारतेय. कुणीतरी ओ द्यायला नको का?"